अष्टावधान : एक शब्द आणि एक जुना वाद

मराठीत कर्तबगार व्यक्तीचा गौरव करावयाचा झाला म्हणजे जी ठराविक विशेषणे हाताशी असतात, त्यांत ‘अष्टावधानी’ हे एक आहे. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापिकेस ते मिळते, लग्नघर सांभाळणाऱ्या मावशीस मिळते, संपादकास आणि नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापकासही मिळते. एकाच मनाला एकाच वेळी अनेक गोष्टींकडे सारखेच लक्ष पुरविता येते, आणि तसे पुरविणे हा सद्गुण होय, अशी दोन गृहीते या विशेषणात दडलेली आहेत. संगणकाच्या परिभाषेतून आलेल्या ‘मल्टिटास्किंग’ या शब्दाने त्या गृहीतांस अलीकडे नवे वजन प्राप्त झाले आहे. ती खरी आहेत काय, हे ठरविण्याचे काम मानसशास्त्राचे. परंतु हा वाद आपल्याकडे किमान दीड हजार वर्षे चालत आलेला आहे, आणि त्यात ज्या शब्दांनी बाजू घेतल्या, त्यांची छाननी करणे भाषाभ्यासकाच्या अधिकारात येते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘अवधान’ हा ‘धा’ म्हणजे ठेवणे या धातूपासून झालेला शब्द. निधान, व्यवधान, अनुसंधान, समाधान ही त्याची भावंडे. अवधान म्हणजे मन खाली, एका जागी, ठेवणे. ठेवलेली वस्तू एकाच जागी असते, दोन जागी नव्हे, ही गोष्ट धातूच्याच अर्थात आहे. मराठीने या शब्दास ‘देणे’ हे क्रियापद जोडले. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०) नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशी दुसरे काहीच न मागता केवळ अवधान मागतात आणि त्या बदल्यात सर्व सुखाचे आश्वासन देतात, हे वाचकांस परिचित आहे. तेथे अवधान एकवचनी आहे, आणि जे एकास दिले ते त्याच क्षणी दुसऱ्यास देता येत नाही, हा देण्याचा व्यवहार त्या मागणीस गंभीरपणा आणतो. अशा शब्दामागे ‘अष्ट’ ही संख्या लावणे हा मुळातच एक चमत्कार सांगण्याचा प्रकार आहे. ज्याने तो प्रथम लावला त्यास हे ठाऊक असलेच पाहिजे.

दुसरी एक जोडी याहूनही बोलकी आहे. ‘अग्र’ म्हणजे टोक. ज्याच्या मनाचे टोक एक आहे तो एकाग्र, ज्याचे टोक विखुरले आहे तो व्यग्र. संस्कृतात व्यग्र शब्दास गोंधळलेला आणि एखाद्या कामात गुंतलेला असे दोन्ही अर्थ आहेत; मराठीत मात्र पहिला जवळजवळ मावळला आणि दुसराच उरला. ‘साहेब कामात व्यग्र आहेत’ या वाक्यात आज कोणासही निंदा ऐकू येत नाही. उलट, भेटीस आलेला मनुष्य आदराने बाकावर बसून राहतो. विखुरलेपणाचा वाचक शब्द प्रतिष्ठेचा वाचक कसा होतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधू गेल्यास सापडणे कठीण.

आता वादाकडे वळू. न्यायदर्शनाने मनाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणूनच ही गोष्ट पुढे केली आहे की, अनेक ज्ञाने एकदम उत्पन्न होत नाहीत. डोळे, कान, त्वचा ही सर्व इंद्रिये आपापल्या विषयांशी एकाच वेळी भिडलेली असतात. तरीही आपणास एका क्षणी एकच ज्ञान होते. तेव्हा इंद्रिये आणि आत्मा यांच्यामध्ये एक अणुपरिमाण, म्हणजे एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाणारे, साधन असले पाहिजे, तेच मन. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांच्याकडून सुधारून घेऊन प्रसिद्ध केलेला भीमाचार्य झळकीकर यांचा ‘न्यायकोश’ ज्यांच्या हाताशी आहे, त्यांस या परिभाषेचा मागोवा घेणे सोपे जाईल.

या सिद्धांतावरील आक्षेपही नैयायिकांनी स्वतःच मांडला आहे, आणि तो मांडताना वात्स्यायनाने आपल्या भाष्यात (इ. स. च्या पाचव्या शतकाच्या सुमारास) एक शब्दचित्र उभे केले आहे. एक अध्यापक अरण्यातून चालला आहे. तोंडाने पाठ म्हणत आहे, पाय चालत आहेत, हाती कमंडलू धरलेला आहे, वाट पाहत आहे, रानातील आवाज ऐकत आहे, श्वापदांच्या भीतीने त्यांच्या खुणा हेरीत आहे, आणि जेथे पोचावयाचे ते ठिकाणही स्मरत आहे. मोजून सात गोष्टी! आक्षेपक विचारतो, येथे क्रम कोठे दिसतो? या विषयावरील समग्र वाङ्मयात अनेक कामे एकदम करणाऱ्याचे पहिले नमुनेदार चित्र अध्यापकाचे असावे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या व्यवसायबंधूंस गमतीची वाटेल.

नैयायिकांचे उत्तर असे की, क्रम आहेच, पण तो इतका शीघ्र आहे की ध्यानात येत नाही. जळते कोलीत गरगर फिरविले असता अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. वस्तुतः कोलीत प्रत्येक क्षणी एकाच बिंदूवर असते. कमळाची शंभर पाने एकावर एक रचून सुई खुपसली, तर सर्व एकदमच भोसकली गेली असे वाटते. वस्तुतः वरचे आधी आणि खालचे मागाहून. लांब, कुरकुरीत शष्कुली खाताना तिचा रंग, वास, चव, स्पर्श आणि दातांखालचा आवाज ही पाचही एकदम अनुभवास आल्यासारखी वाटतात, तेथेही हाच न्याय.

जैन परंपरेत या प्रश्नाने तर पाखंडाचा आरोप ओढवून घेतला. महावीरांच्या निर्वाणानंतर २२८ वर्षांनी गंग नावाचे आचार्य उल्लुका नदी ओलांडीत होते. वर टकलावर ऊन तापत होते, खाली पाय थंड पाण्यात होते. आपणास उष्ण आणि शीत या दोन्ही वेदना एकाच क्षणी होत आहेत, तेव्हा एका समयी एकच उपयोग संभवतो हे आगमवचन खरे नव्हे, असे त्यांनी प्रतिपादिले. परंपरेने त्यांची गणना निह्नवांत, म्हणजे सिद्धांताचा अपलाप करणाऱ्यांत, केली. ‘द्वैक्रिय’ या नावाने ते मत ओळखले जाते. जिनभद्रांनी विशेषावश्यकभाष्यात त्याचे खंडन केले ते याच युक्तीने: मन सूक्ष्म व चपळ आहे, म्हणून पायाकडून डोक्याकडे झालेला त्याचा प्रवास कळत नाही. पुढे हा वाद केवलज्ञानापर्यंत गेला. सर्वज्ञास ज्ञान आणि दर्शन क्रमाने होतात की युगपत्, यावर जैन आचार्यांत एकमत झाले नाही.

बौद्धांनी मात्र या युक्तीचे मर्म अचूक हेरले. शांतरक्षितांच्या ‘तत्त्वसंग्रहा’त (बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत हा १९२६ साली छापला गेला) नर्तकीचे उदाहरण येते: तिला पाहत असता रूप, नाद, गंध यांची ज्ञाने बरोबरच होतात. आणि शीघ्रतेमुळे तसा भास होतो म्हणाल, तर ‘लता’ आणि ‘ताल’ या शब्दांचे काय? त्यांतील वर्णही अतिशीघ्र क्रमानेच ऐकू येतात. शीघ्रतेने क्रम पुसला जात असता, तर लता कोणती आणि ताल कोणता हे श्रोत्यास कळलेच नसते. भाषेचे सारे अर्थकारण वर्णांच्या क्रमावर उभे आहे आणि तो क्रम कानास बिनचूक कळतो, हे या आक्षेपाचे बळ आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते नैयायिकांस यावर पूर्ण समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. परंतु बारकाईने पाहता बौद्धांचा मुद्दा भिन्न इंद्रियांच्या संवेदनांपुरता आहे. दोन ज्ञाने बरोबर होणे ही एक गोष्ट, आणि दोन कामे बरोबर करणे, म्हणजे दोन निर्णय एकाच क्षणी घेणे, ही दुसरी. वात्स्यायनाच्या अध्यापकाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न सोडविण्यास अधिक उपयोगी पडते ते संतांचे निरीक्षण. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची म्हणून ६१ पदे आहेत. त्यांचा कर्ता पंढरपूरचाच नामदेव की काय, हा वाद येथे बाजूस ठेवू. त्यांपैकी एका पदात ओळीने दृष्टांत येतात. मुलगा पतंग उडवीत सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर. मुली पाण्याचे घडे घेऊन हसत, टाळ्या देत येतात, पण चित्त घड्यावर. गाय पाच कोसांवर चरते, पण चित्त वासराशी. आई आतबाहेर कामे करते, पण चित्त पाळण्यातील बाळाशी. हे दृष्टांत भक्तीसाठी आहेत, तथापि त्यांतील मानसशास्त्र निर्दोष आहे. प्रत्येक ठिकाणी क्रिया दोन आहेत आणि चित्त एक आहे. एक क्रिया शरीराच्या सवयीने चालते, दुसरीस चित्त दिलेले असते. दोन्हींस चित्त सारखे वाटले आहे असे कवी कोठेही म्हणत नाही.

मराठीच्या व्याकरणानेही हा भेद आपल्यापरीने नोंदविला आहे. ‘बोलता बोलता’, ‘चालता चालता’, ‘जाता जाता’ या द्विरुक्त कृदंतांनी आपण दोन क्रियांचे सहचर्य दाखवितो. परंतु त्या दोन क्रिया समान पायरीवरच्या कधीच नसतात. कृदंताची क्रिया पार्श्वभूमीस जाते आणि मुख्य क्रियापद लक्ष पटकावते. इतकेच नव्हे, तर या रचनेत मुख्य क्रियापद पुष्कळदा अपघाताचे असते: वाचता वाचता डोळा लागतो, चिरता चिरता बोट कापते, चालता चालता ठेच लागते.

येथवर पाहिल्यावर वाचक विचारतील की, प्रत्यक्ष अवधानींचे काय? शंभर गोष्टी एकदम करून दाखविणारी माणसे होऊन गेली, त्यांस का नाकारावयाचे? नाकारण्याचे कारण नाही. फक्त ते काय करीत असत हे नीट पाहिले पाहिजे.

अवधानकलेचे मुख्य घर तेलुगू व कन्नड प्रदेश. महाराष्ट्रात प्रयोगापेक्षा शब्दच अधिक रुजला. तेलुगू अष्टावधानात अवधानीभोवती आठ पृच्छक बसतात. एक समस्या देतो, दुसरा ठराविक शब्द गुंफावयास सांगतो, तिसरा प्रत्येक अक्षरागणिक कोणते अक्षर वर्ज्य ते सांगत जातो. एक जण मधूनमधून घंटा वाजवितो, तिचे ठोके शेवटी सांगावयाचे असतात. आणि एक जण केवळ अवांतर बोलून व्यत्यय आणण्याकरिताच नेमलेला असतो. अवधानी पहिल्या पृच्छकास श्लोकाचा एक चरण सांगतो, त्यास तेथेच सोडतो, दुसऱ्याकडे वळतो. फेरी पुरी झाली म्हणजे पुन्हा पहिल्याकडे येऊन दुसरा चरण सांगतो. चार फेऱ्यांत श्लोक पुरे होतात, आणि अखेरीस ‘धारणा’ म्हणून सर्व श्लोक तो मुखोद्गत म्हणून दाखवितो. म्हणजे आठ अवधाने एका क्षणी नसतात. ती एकामागून एक, तुकड्यातुकड्यांनी, ठरलेल्या क्रमाने दिली जातात. अवधानीचे कौशल्य सोडलेल्या जागी अचूक परत येण्यात आहे. नैयायिकांचे कोलीत येथे फिरते आहे, आणि सभा वर्तुळ पाहते आहे.

आपल्या प्रांतातील सर्वांत गाजलेला प्रयोग मुंबईचा. २२ जानेवारी १८८७ रोजी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये रायचंदभाई मेहता, जे पुढे श्रीमद् राजचंद्र म्हणून ख्यात झाले, त्यांनी शतावधान केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने त्याची दखल घेतली. यापूर्वी बोटाद येथे त्यांनी ५२ अवधाने केली होती, त्यांचे चरित्रग्रंथांतील वर्णन पाहण्याजोगे आहे. चौपट, गंजिफा व बुद्धिबळ खेळणे, घंटेचे ठोके मोजणे, हिशेब करणे, दिलेल्या विषयांवर व वृत्तांवर कविता रचणे, आणि या सर्वांच्या अधूनमधून सोळा भाषांतील वाक्यांचे शब्द उलटसुलट क्रमाने ऐकून घेऊन शेवटी ती वाक्ये जुळवून देणे. त्या भाषांत मराठीही होती. ‘अधूनमधून’ हाच येथे कळीचा शब्द आहे.

१८९१ च्या जुलैत विलायतेहून परतलेल्या गांधीजींची मुंबईत त्यांच्याशी गाठ पडली. आपणास ठाऊक असलेल्या युरोपीय भाषांतील शब्दांचा साठा गांधीजींनी रिता केला आणि रायचंदभाईंनी ते सर्व त्याच क्रमाने परत म्हणून दाखविले, हा प्रसंग आत्मकथेत आहे. परंतु गांधीजींस मोह पडला तो या शक्तीचा नव्हे. हिऱ्यामोत्यांचा लाखोंचा सौदा संपताच हा व्यापारी पेढीवरच धर्मग्रंथ अथवा टिपणवही उघडून तीत बुडून जात असे, याचे त्यांना नवल वाटले. एक संपताच दुसरे. दोन्ही एकदम नव्हे. रायचंदभाईंनी स्वतः तर विशीच्या सुमारास अवधानाचे जाहीर प्रयोग सोडूनच दिले. आत्मसाधनेस ते अंतराय होतात, अशी त्यांची धारणा होती. ज्यास ही विद्या सर्वांत अधिक साधली होती, त्याने तिची किंमत काय केली, हे अष्टावधानी शब्द उधळणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

युरोपातील इतिहास सुपरिचित असल्याने त्याचा धावता उल्लेख पुरे. ग्रिनिचच्या वेधशाळेत १७९६ साली मॅस्केलिन याने आपल्या किनेब्रुक नावाच्या साहाय्यकास काढून टाकले; कारण ताऱ्याच्या संक्रमणाच्या त्याच्या नोंदी सेकंदाच्या सुमारे आठ दशांशाने मागे पडत. डोळ्यांनी तारा पाहावयाचा आणि कानांनी घड्याळाचे ठोके मोजावयाचे, अशी ती पद्धत होती. हा दोष एकट्या किनेब्रुकचा नसून प्रत्येक वेधकाचा कमीअधिक असतो, हे बेसेल याने पुढे दाखविले. तोवर त्या बिचाऱ्याची नोकरी गेलीच होती. मुंबईत शतावधान झाले त्याच १८८७ साली फ्रान्समध्ये पोलाँ याने एक कविता तोंडाने म्हणत दुसरी लिहून पाहिली. म्हणण्यास एकट्याने २२ सेकंद, लिहिण्यास ३१, आणि दोन्ही मिळून ५३ ऐवजी ४० लागले. विल्यम जेम्स याने १८९० च्या आपल्या ग्रंथात हा प्रयोग नमूद करून निष्कर्ष काढला तो नामदेवांच्या घड्याजवळ येणारा आहे: क्रिया अत्यंत अंगवळणी पडलेल्या नसतील, तर एकाहून अधिक सहसा नाही.

विसाव्या शतकातील प्रयोगांनी यात मोजमापाची भर घातली. दोन संकेत लागोपाठ दिले असता दुसऱ्यास मिळणारा प्रतिसाद रेंगाळतो, आणि तो निर्णयाच्या पायरीवर अडतो, अशी उपपत्ती वेलफर्ड याने १९५२ साली मांडली. १९७६ साली कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी कित्येक आठवड्यांच्या सरावाने गोष्ट वाचत असतानाच शब्द उतरून घेण्याची हातोटी साध्य केली. तेव्हा सरावास मर्यादा नाही असे म्हणणारा पक्षही निःशस्त्र नाही. युटा विद्यापीठातील २०१० च्या प्रयोगात मोटार हाकण्याचा आभास निर्माण करून बरोबर दुसरे बौद्धिक काम दिले असता, २०० जणांपैकी सुमारे अडीच टक्केच लोक न ढळता टिकले. स्वतः ‘मल्टिटास्किंग’ हा शब्द १९६० च्या दशकात संगणकाच्या परिभाषेत घडला, आणि तेथे त्याचा अर्थ काय होता? एकच संस्कारक अनेक कामांचे तुकडे आळीपाळीने, अतिशीघ्र क्रमाने उरकतो आणि प्रत्येक ग्राहकास तो केवळ आपलाच आहे असा भास होतो. वात्स्यायनास हा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

तेव्हा अष्टावधान हा शब्द खोटा नव्हे, पण त्याचे मराठीतील अर्थांतर चिंत्य आहे. अवधानीच्या भोवती काही व्यवस्था असते. पृच्छकांचा क्रम ठरलेला असतो, व्यत्यय आणणारा एकच असतो आणि तोही नेमलेला, आठांपैकी कोणी मध्येच रडत नाही, दूध उतू जात नाही. मराठी विशेषणाने ही सर्व व्यवस्था गाळली आणि फक्त संख्या ठेविली. पुण्याच्या रस्त्यावर खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून दुचाकी हाकणाऱ्यासही आपण अवधानीच वाटत असतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातातील फोनचा वापर धोकादायक चालविण्याच्या व्याख्येत घातला. परंतु टोरांटोच्या १९९७ च्या प्रसिद्ध अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा संभव सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणाने तो कमी झाल्याचे दिसले नाही. कायद्याने हात पाहिला. अडचण हाताची नव्हती.

याहून मोठा अन्याय घरात होतो. स्त्रीला अष्टावधानी म्हणताना आपण तिच्या शक्तीची स्तुती करतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तिचे कोणतेही काम सलग होऊ दिले जात नाही, या वस्तुस्थितीस ते दिलेले शोभिवंत नाव आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत जाणारा वेळ दिवसास सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते. २०१९ च्या त्या पाहणीची रीत अशी: दिवसाचे अर्ध्याअर्ध्या तासाचे खण पाडावयाचे, आणि एका खणात अनेक कामे झाली असल्यास दहा मिनिटे वा त्याहून अधिक चाललेली, जास्तीत जास्त तीन कामे नोंदवावयाची. अभ्यासास बसलेली विद्यार्थिनी अर्ध्या तासात तीन वेळा उठून गॅस बारीक करून आली, तर प्रत्येक खेपेस अर्धे मिनिट गेले. त्या खणात वाचन एवढीच नोंद होईल.